त्वचा इन्फेक्शनला बाहेर कशी ठेवते, आणि आपण तिच्या कामात कुठे अडथळा आणतो

तुम्ही विचारलंय की घरात सगळे रोज अँटिसेप्टिक साबण लावून, घासणीने अंग घासून आंघोळ करतात, तरी मुलाला सारखी केसतोड होतात, आणि मिस्टरांचा पाय एका रात्रीत लाल होऊन सुजला, थंडी वाजून ताप आला, अ‍ॅडमिट करावं लागलं. मग त्वचा इन्फेक्शनपासून वाचवते म्हणतात ते नक्की कसं, आणि आता अजून काय करायचं? त्वचारोगाचं काम मी बरीच वर्षं करतेय आणि हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत सतत ऐकते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आधीच सांगून टाकते, अजून काही लावायची गरज नाहीये, थोडं कमी करायचंय आणि जिथे कोणी बघत नाही तिथे नीट बघायचंय.

मोठ्या माणसाच्या अंगावर साधारण दीड ते दोन चौरस मीटर त्वचा असते. पण जंतूंना खरोखर अडवणारा जो सगळ्यात वरचा थर आहे ना, तो तळहात-तळपाय सोडले तर बहुतेक ठिकाणी मिलिमीटरच्या शंभराव्या ते पन्नासाव्या भागाएवढाच असतो. एवढा पातळ! मेलेल्या, चपट्या झालेल्या पेशींच्या पंधरा-वीस पापुद्र्यांचा हा थर, विटांची भिंत असते तसा: पेशी म्हणजे विटा, आत केराटिन नावाचं चिवट प्रोटीन भरलेलं, आणि मधला गिलावा म्हणजे सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि फॅटी अ‍ॅसिड अशी तीन प्रकारची चरबी. ही चरबी जागेवर आहे तोपर्यंत आतलं पाणी बाहेर उडत नाही आणि बाहेरचा जंतू आत शिरत नाही. लोक "मेलेली त्वचा काढायची" म्हणून स्क्रब घेऊन घासत बसतात तेव्हा मला खरंच वाईट वाटतं, कारण ती मेलेली त्वचाच तर सगळं काम करत असते.

तिला काढायची वेगळी खटपट लागतही नाही. खाली नवीन पेशी तयार होतात, त्या साधारण दोन आठवड्यांत वर सरकत येतात, सपाट होऊन मरतात आणि अजून दोन आठवडे वरच्या थरात राहून आपोआप गळून पडतात, म्हणजे महिन्याभरात हे आवरण बदलून होतं (वय वाढलं की जास्त वेळ लागतो). गळताना त्या पेशी स्वतःला चिकटलेले जंतूसुद्धा घेऊन जातात. एखादा बॅक्टेरिया कसाबसा चिकटला, वाढायला लागला, तरी त्याच्या पायाखालची जागाच निसटत असते. शिवाय वरचा थर बऱ्यापैकी कोरडा असतो आणि बहुतेक बॅक्टेरियांना ओल लागते. काख, जांघा, पायाच्या बोटांच्या बेचक्या, छातीखालची घडी, इन्फेक्शन पुन्हा पुन्हा इथेच का होतं याचं अर्धं उत्तर या ओलीत आहे.

दुसरी गोष्ट आम्लतेची. १९२८ मध्ये शाडे आणि मार्किओनिनी या दोन जर्मन डॉक्टरांनी त्वचेवर आम्लाचं आवरण असतं असं मांडलं आणि ते आजही बरोबर ठरतंय. निरोगी त्वचेचा पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ४.५ ते ५.५ असतो, रक्ताचा ७.४ च्या आसपास. ही आम्लता घामातल्या लॅक्टिक अ‍ॅसिडमधून येते, त्वचेच्या तेलाचं विघटन होऊन जी फॅटी अ‍ॅसिड बनतात त्यातून येते, आणि वरच्या थरातल्या फिलाग्रिन नावाच्या प्रोटीनचे तुकडे होतात त्यातूनही येते. त्रास देणारे बरेच बॅक्टेरिया अशा आम्लात नीट वाढत नाहीत, आणि मघाशी जी चरबी सांगितली ती तयार करणारी एन्झाइम्ससुद्धा आम्लातच नीट चालतात. आता आंघोळीच्या साध्या साबणाचा पीएच असतो ९ ते १०. एकदा लावला तर निरोगी त्वचा काही तासांत पूर्ववत होते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पण दिवसातून दोन-तीनदा, अंगभर फेस करून, गरम पाण्याने आणि वर घासणी, हे केलं की चरबी धुतली जाते, पीएच वर राहतो, त्वचा ताणल्यासारखी होते, खाज सुटते, मग आपण खाजवतो आणि नखाने आत जायला रस्ता तयार होतो. लहान बाळं, वयस्कर माणसं आणि एक्झिमा (त्वचा कोरडी पडून खाजणारा आजार) असलेले लोक यांची त्वचा पूर्ववत व्हायला जास्त वेळ घेते, म्हणून त्यांना हे जास्त बाधतं.

मग अँटिसेप्टिक साबणाचं काय? अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २०१६ मध्ये घरगुती वापराच्या अँटिबॅक्टेरियल साबणांतली ट्रायक्लोसानसकट १९ द्रव्यं बंद केली, कारण रोजच्या वापरात ती साध्या साबण-पाण्यापेक्षा जास्त उपयोगी आहेत असा पुरावा कंपन्यांना देता आला नाही. ऑपरेशनआधी आम्ही क्लोरहेक्सिडीन नावाचं अँटिसेप्टिक वापरतो ते वेगळं, तिथे काही तासांपुरतं जंतू कमी करायचे असतात. रोज घरी ते करायचं कारण नाही, कारण त्वचेवरचे सगळे जंतू शत्रू नाहीत. स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस, क्युटिबॅक्टेरियम, कोरिनेबॅक्टेरियम, मॅलेसेझिया नावाची यीस्ट, ही मंडळी आपल्या अंगावर कायमची राहतात. जागा व्यापतात, अन्न संपवतात, तेलाचं विघटन करून आम्लता टिकवायला मदत करतात, आणि त्यातले काही चक्क अशी द्रव्यं सोडतात की ज्याने स्टॅफ ऑरियस मरतो. स्टॅफ ऑरियस म्हणजे केसतोड, गळवं, पू करणारा नेहमीचा आरोपी. २०१७ मध्ये असं दाखवलं गेलं की निरोगी लोकांच्या त्वचेवर स्टॅफ ऑरियसला मारणारे असे रहिवासी बॅक्टेरिया भरपूर सापडतात आणि एक्झिमाच्या पेशंटमध्ये ते कमी असतात. सरसकट सगळं मारत सुटलं तर हे पण जातात. हात धुण्याबद्दल मात्र मी हे बोलत नाहीये हं, हातावर दुसरीकडून आलेले जंतू असतात, ते रहिवासी नसतात आणि साध्या साबणाने वीस सेकंद धुतले की निघून जातात, तर हात धुवाच, जेवायच्या आधी, संडासहून आल्यावर, जखमेला हात लावायच्या आधी आणि नंतरसुद्धा. फक्त हाताला भेगा पडत असतील तर धुतल्यावर क्रीम लावा, कारण भेगाळलेल्या हातावर स्टॅफ जास्त टिकतो.

त्वचा स्वतःही जंतुनाशक बनवते, हे फार कमी लोकांना माहीत असतं. घामात डर्मसिडिन नावाचं छोटं प्रोटीन असतं, ते २००१ मध्ये सापडलं, बॅक्टेरियाच्या आवरणाला भोकं पाडतं. त्वचेच्या पेशी डिफेन्सिन आणि कॅथेलिसिडिन बनवतात, जखम झाली की जास्त बनवतात. याचा अर्थ काय होतो ते दोन आजार शेजारी ठेवून बघा. सोरायसिसमध्ये त्वचा लालबुंद होते, पापुद्रे पडतात, कितीतरी ठिकाणी चिरते, बघणाऱ्याला वाटतं याला सारखं इन्फेक्शन होत असणार, पण तसं सहसा होत नाही, कारण त्या चट्ट्यांमध्ये ही प्रोटीन्स खच्चून भरलेली असतात, एक डिफेन्सिन तर १९९७ मध्ये सोरायसिसच्या पापुद्र्यांमधूनच वेगळं काढलं होतं. उलट एक्झिमामध्ये ती कमी पडतात, शिवाय बऱ्याच जणांत मघाशी सांगितलेल्या फिलाग्रिनच्या जीनमध्येच दोष असतो (हे २००६ मध्ये कळलं), त्यामुळे वरचा थर गळका, कोरडा, कमी आम्ल, आणि अशा चट्ट्यांवर बहुतेक वेळा स्टॅफ ऑरियस मिळतोच. म्हणून एक्झिमाच्या मुलांच्या आईवडिलांना मी मॉइश्चरायझर हे औषध म्हणून लिहून देते, ब्युटी प्रॉडक्ट म्हणून नाही. आंघोळ कोमट पाण्याने, थोडक्यात, आणि टिपून झाल्याबरोबर, अंग ओलसर असतानाच भरपूर क्रीम.

एवढं करूनही काही आत शिरलंच तर? १८६८ मध्ये पॉल लांगरहान्स नावाच्या बर्लिनमधल्या मेडिकलच्या विद्यार्थ्याने त्वचेत फांद्या असलेल्या पेशी बघितल्या, त्याला वाटलं या नसांच्या पेशी आहेत, पण त्या निघाल्या इम्युनिटीच्या. फांद्या पसरून त्या वरच्या थराच्या खालपर्यंत चाचपत असतात, काही परकं सापडलं की त्याचा तुकडा घेऊन जवळच्या लिम्फ गाठीत (लिम्फ म्हणजे अंगातलं पाणी गोळा करून नेणाऱ्या नळ्यांतला द्रव) जातात आणि तिथल्या टी पेशींना, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींना, दाखवतात. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं ते यामुळेच. त्वचेत मुरलेल्या टी पेशी तर अंदाजे २० अब्ज आहेत, रक्तात फिरणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट. त्वचा किती जागी असते याचा पुरावा हवा असेल तर रेबीजची लस बघा, स्नायूत द्यायची तर आख्खी व्हायल लागते आणि त्वचेत दिली तर दोन जागी ०.१ - ०.१ मिली पुरते.

आता तुमच्या मिस्टरांच्या पायाकडे येऊ. एवढी सगळी व्यवस्था असताना पाय सुजला कसा? अशा पेशंटची नडगी सगळे बघतात, लाल, गरम, चकचकीत, हात लावला की ओरडतात. मी आधी बोटं फाकवून बघते, विशेषतः करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटामधली बेचकी. तिथे बऱ्याचदा पांढरी, फुगलेली, ओल्या कागदासारखी कातडी असते, कडेला ती सुटलेली असते, जरा ताणली की खाली गुलाबी ओली चीर दिसते, कधी वास येतो. पेशंट म्हणतात, "अहो डॉक्टर, त्या चिखल्या आहेत, त्या नेहमीच्याच, त्याचं काय!" त्याचंच सगळं आहे. फंगसने बेचकी कुजवली, वरचा थर फाटला, स्ट्रेप्टोकोकस नावाचा बॅक्टेरिया त्या केसाएवढ्या चिरेतून आत गेला आणि लिम्फच्या वाटेने वर नडगीपर्यंत पोचला. याला सेल्युलायटिस म्हणतात. हॉस्पिटलमध्ये अँटिबायोटिक्स मिळाली, पाय उतरला, पण बेचकीतल्या चिखल्या तशाच राहिल्या तर काही महिन्यांनी हेच परत होणार, आणि प्रत्येक वेळी लिम्फच्या नळ्या थोड्या खराब होतात, पायावर सूज राहायला लागते आणि सुजलेल्या पायाला पुढचं इन्फेक्शन अजून सोपं जातं. म्हणून आत्ताच्या आत्ता त्यांची बोटं फाकवून बघा. पांढरं दिसलं तर अँटिफंगल क्रीम डॉक्टरांना विचारून चालू करा, आणि दिसायला बरं वाटलं तरी सांगितलेले दिवस पुरे करा, लोक इथेच थांबतात. आंघोळीनंतर बेचक्या टॉवेलने एकेक करून कोरड्या करा, ओले मोजे आणि कालचेच बूट परत घालू नका, क्रीम टाचेला आणि पावलाला भरपूर लावा पण बोटांच्या मध्ये मॉइश्चरायझर नको. सारखं सारखं सेल्युलायटिस होत असेल तर कमी डोसमध्ये पेनिसिलिन बरेच महिने द्यायची पद्धत आहे आणि तिचा फायदा होतो, पण ते डॉक्टर ठरवतील. आणि एकदा शुगर तपासून घ्या, डायबिटीसमध्ये पायाची संवेदना कमी होते, चीर पडलेली कळतच नाही, अशांनी तर रोज रात्री पाय बघायचेच, स्वतःला वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवून नाहीतर घरातल्या कोणाला तरी दाखवून.

कापणं-खरचटणं होतच राहतं. तेव्हा काय होतं ते समजलं की काय करू नये तेही समजतं. काही मिनिटांत रक्त गोठून भोक बुजतं, काही तासांत न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी गोळा होतात आणि जंतू खातात, दोन-तीन दिवसांत मॅक्रोफाज नावाच्या मोठ्या पेशी येऊन सफाई करतात, आणि एकीकडे जखमेच्या कडेच्या त्वचापेशी सरकत मध्यभागी यायला लागतात. या सरकणाऱ्या पेशी जिवंत असतात, नाजूक असतात. रोज हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट, तीव्र अँटिसेप्टिक ओतलं की जंतूंबरोबर त्याही मरतात. जखम वाहत्या स्वच्छ पाण्याखाली नीट, चांगली पाच मिनिटं धुवा, माती-खडे निघू द्या, मग व्हॅसलिनसारखं काही लावून स्वच्छ पट्टी. "उघडी ठेव, वाळू दे" हा सल्ला जुना झाला, १९६२ मध्ये जॉर्ज विंटर यांनी दाखवलं की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर त्वचा कोरड्या खपलीखालच्या जखमेपेक्षा लवकर येते. खपली काढू नका हे वेगळं सांगायला नको. भरून आलेला वणसुद्धा मूळ त्वचेइतका मजबूत कधीच होत नाही, फार तर ८० टक्क्यांपर्यंत, आणि त्यालाही महिने लागतात. खिळ्यासारखं खोल, मातीचं काही टोचलं तर वरून भोक छोटं दिसतं पण धनुर्वाताच्या जंतूला अशीच, हवा न पोचणारी जागा लागते, शेवटचा डोस पाच वर्षांपूर्वीचा असेल तर इंजेक्शन घ्या.

अखंड त्वचा किती अडवते? एचआयव्ही अखंड त्वचेतून जात नाही. रेबीजही जात नाही, कुत्र्याने धडधाकट कातडीवर चाटलं तर लस लागत नाही, पण तीच चाट ओरखड्यावर असेल तर तो सगळ्यात गंभीर गट धरला जातो, पंधरा मिनिटं साबण-पाण्याने धुवायचं आणि त्याच दिवशी लस आणि सीरमसाठी जायचं. एवढ्या चिरेने एवढा फरक पडतो. काही जीव मात्र अखंड त्वचेतूनही शिरतात, हुकवर्म या आतड्यातल्या जंताच्या अळ्या ओल्या मातीत अनवाणी चालणाऱ्याच्या पायातून जातात, आणि लेप्टोस्पायरा हा घाण पाण्यातला बॅक्टेरिया चिरांतून तर जातोच, पण बराच वेळ पाण्यात भिजून मऊ झालेल्या कातडीतूनही जातो. साचलेल्या घाण पाण्यात काम असेल तर गमबूट हवेतच.

एक गोष्ट मी कितीही वेळा सांगितली तरी मला कमीच वाटते. खाज आली की दुकानातून स्टेरॉईड, अँटिफंगल आणि अँटिबायोटिक एकत्र असलेली ट्यूब आणून लावणं बंद करा. स्टेरॉईडने लाली-खाज दोन दिवसांत जाते, माणूस खूश होतो, पण त्वचेची तिथली इम्युनिटी झोपते, फंगस निवांत पसरतो, नायट्याचं मूळ रूपच बदलून जातं, आणि महिनोन्महिने लावलं तर त्वचा इतकी पातळ होते की जांघेत कायमचे पट्टे पडतात. स्टेरॉईड वाईट औषध नाही, एक्झिमात ते मीच देते. पण कुठे, कोणतं आणि किती दिवस हे बघून द्यायचं असतं.

मुलाच्या केसतोडांचं. साधारण तीनातल्या एका माणसाच्या नाकात स्टॅफ ऑरियस शांतपणे राहत असतो. बोट नाकात, मग तेच बोट मांडीवर, खाजवलं, केसाच्या मुळाशी छोटी जखम, झालं. घासणीने घासल्यामुळे केसांची मुळं आणखी खरचटतात, म्हणून घासणी आधी बंद करा, घरात एकच असेल तर नक्कीच. प्रत्येकाचा टॉवेल वेगळा, गरम पाण्यात धुतलेला. नखं कापलेली. घट्ट, घाम धरणारे कपडे नकोत. केसतोड दाबून फोडायचं नाही, दिवसातून तीन-चार वेळा कोमट पाण्यात बुडवलेल्या स्वच्छ कापडाने दहा-दहा मिनिटं शेक द्या, फुटलं तर झाका. नाकावर किंवा वरच्या ओठाच्या भागात आलेलं तर अजिबात दाबू नका, तिथल्या शिरा डोक्याच्या आतल्या शिरांना जाऊन मिळतात. तरी वारंवार येत असतील तर डॉक्टर नाकाचा स्वॅब घेतील, नाकात लावायचं मलम आणि ठरावीक दिवसांसाठी क्लोरहेक्सिडीनची आंघोळ देतील, कधी कधी घरातल्या सगळ्यांना एकदम द्यावं लागतं, नाहीतर तोच जंतू एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहतो. अँटिसेप्टिकची खरी जागा इथे आहे, मोजक्या दिवसांसाठी.

घरी थांबायचं नाही अशी वेळ ओळखता यायला हवी. लाली वाढतेय का हे कळत नसेल तर पेनाने कडेवर रेघ मारा, काही तासांत लाली रेघेबाहेर गेली तर निघा. लाल पट्टा वर सरकत चाललाय, थंडी-ताप आहे, माणूस गुंगल्यासारखा वाटतोय, कातडी निळी-काळी पडतेय किंवा फोड येतायत, तर लगेच. आणि दिसायला थोडंसंच लाल आहे पण माणूस वेदनेने कळवळतोय असं असेल तर सकाळची वाट बघू नका, कारण जंतू खोल स्नायूच्या आवरणापर्यंत गेलेला असू शकतो आणि तिथे तासातासाने फरक पडतो. मिस्टरांचा पाय अजून थोडा सुजलेला असेल तर बसताना तो उंचावर ठेवा, आणि आज रात्री टॉर्च घेऊन दोन्ही पायांच्या सगळ्या बेचक्या बघा, फक्त आजारी पायाच्या नाही.